पाहुण्यांचा सल्ला, यजमानांचा हिशेब

2023 च्या जानेवारीत आमच्या महाविद्यालयाने एका माजी विद्यार्थिनीचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार केला. ही विद्यार्थिनी पुण्यातील एका बहुराष्ट्रीय कंपनीत संगणक-प्रणालीच्या कामावर आहे. आदल्या वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कंपनीने निवडलेल्या, निरनिराळ्या देशांतील बारा कर्मचाऱ्यांच्या तुकडीत तिची वर्णी लागली आणि चार आठवडे ती पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशातल्या कुमासी शहरी राहून आली. तेथील संस्थांना विनामोबदला व्यावसायिक सल्ला देणे हे तुकडीचे काम. प्रवासखर्च, निवास आणि त्या महिन्याचे वेतन हे सारे कंपनीचे.

सत्काराच्या प्रसंगी दोन शब्द बोलण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मुलगी आफ्रिकेतील बंधुभगिनींना ज्ञानदान करून आली, हे खरे सीमोल्लंघन होय, अशा आशयाचे भाषण मी केले आणि टाळ्याही मिळविल्या. उत्तरादाखल ती इतकेच म्हणाली, "सर म्हणतात तसे मी तेथे फारसे काही दिलेले नाही. शिकून मात्र पुष्कळ आले." सभागृहाने याही वाक्याला टाळ्या दिल्या. हा विनय आहे असे सर्वांनी गृहीत धरले. मीही धरले. तो विनय नव्हता, ते वस्तुस्थितीचे निवेदन होते, हे माझ्या ध्यानी यायला आणखी वर्ष-दीड वर्ष जावे लागले.

परदेशात महिनाभर विनामूल्य सल्ला देण्याची ही पद्धत आता चांगलीच रुळली आहे. ही कल्पना मुळात नवी नव्हे. अमेरिकेच्या 'पीस कोअर'चे पहिले 51 स्वयंसेवक 30 ऑगस्ट 1961 रोजी उतरले ते घानाच्याच राजधानीत, अक्रा येथे. ते दोन वर्षे राहण्यासाठी आले होते आणि शाळांतून शिकविणार होते. 1964 मध्ये अमेरिकन उद्योगपतींच्या पुढाकाराने निवृत्त व्यवस्थापकांना अशा कामगिरीवर परदेशी पाठविणारी संघटना निघाली. आयबीएम कंपनीने 2008 मध्ये नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी चार आठवड्यांची योजना सुरू केली. तिच्या पहिल्या सहा देशांतही घाना होताच. पुढे इतर कंपन्यांनी तोच नमुना थोड्याफार फरकाने गिरविला. माझ्या विद्यार्थिनीची कंपनी ही अशा अनुकरण करणाऱ्यांपैकीच एक. दोन वर्षांचा मुक्काम चार आठवड्यांवर आला, शिक्षकाच्या जागी सल्लागार आला आणि सरकारच्या जागी कंपनी आली. या तीन बदलांत काय कमावले आणि काय गमावले, याचा हिशेब मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

कुमासीतील चार आठवडे

कुमासी हे अशांती प्रदेशाचे मुख्य शहर. तेथील केजेटिया बाजार हा पश्चिम आफ्रिकेतील मोठ्या बाजारपेठांपैकी एक असून त्यातील विक्रेत्यांत स्त्रियांचा भरणा मोठा आहे. तुकडीतील चौघांना या बाजारातील स्त्रियांच्या एका बचत संस्थेकडे नेमण्यात आले. संस्थेची अडचण साधी होती. संस्थेचे वसुली करणारे लोक रोज गाळ्यागाळ्यांवर फिरून ठेवी गोळा करीत. परंतु त्यांनी आणलेली रक्कम आणि खातेवहीतील नोंद यांचा ताळा वेळेवर लागत नसे.

रोज गल्ल्यावर येऊन ठेव नेणारा माणूस मराठी वाचकाला अपरिचित नाही. 1928 मध्ये उडुपीच्या सिंडिकेट बँकेने पिग्मी ठेव सुरू केली. पुढे महाराष्ट्रातील गावोगावच्या पतसंस्थांनी ती उचलली. घानात या प्रथेला 'सुसू' म्हणतात. तिची जुनी रीत अशी की, ठेवीदाराने रोज ठराविक रक्कम द्यायची आणि एकतीस दिवसांनी वसुलीदाराने तीस दिवसांची परत करायची. एका दिवसाची रक्कम ही त्याची मजुरी. पाठ्यपुस्तकी अर्थशास्त्राला ही गोष्ट बुचकळ्यात टाकते. येथे बचत करणारा व्याज घेत नाही, उलट बचत सांभाळल्याबद्दल पदरचे पैसे देतो. परंतु जिच्या गल्ल्यावर नवरा, दीर, शेजारी आणि सावकार या सर्वांची नजर असते, त्या बाईला पैसे गल्ल्याबाहेर जाणे हीच मोठी सेवा असते. तिचे मोल ती राजीखुशीने देते.

या व्यवहाराचा सारा डोलारा विश्वासावर उभा असतो आणि घानात त्या विश्वासाला नुकताच मोठा तडा गेला होता. 31 मे 2019 रोजी बँक ऑफ घानाने एकाच दिवशी 347 सूक्ष्म वित्तसंस्थांचे परवाने रद्द केले. हजारो लहान ठेवीदारांच्या रकमा अडकल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले तेव्हा मुंबईत बँकेच्या दारासमोर ज्या रांगा लागल्या, त्या ज्यांनी पाहिल्या त्यांना कुमासीच्या बायांची मनःस्थिती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

चौघा सल्लागारांचा पहिला आठवडा ओळखीपाळखीत गेला. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात मुलाखती व टिपणे झाली. चौथ्यात पडद्यावर आकृत्या दाखवून सादरीकरण झाले. शिफारस अशी होती की, वसुलीदारांच्या हाती मोबाईल द्यावेत, ठेवी शक्यतो मोबाईलवरूनच घ्याव्यात आणि खातेवही वार्षिक वर्गणीने मिळणाऱ्या एका संगणक-प्रणालीवर न्यावी. प्रणाली बसवूनही देण्यात आली. पहिल्या वर्षाची वर्गणी कंपनीने भरली. समारोपाच्या दिवशी यजमानांनी अशांती पद्धतीचे रंगीत वस्त्र पाहुण्यांच्या खांद्यावर घातले. छायाचित्रे निघाली.

आता जे त्या आकृत्यांत नव्हते, ते पाहू. घानाच्या सरकारने 1 मे 2022 पासून मोबाईलवरील पैशांच्या हस्तांतरावर दीड टक्का कर लावला होता. दिवसाला शंभर सेडीपर्यंतचे व्यवहार त्यातून मुक्त होते हे खरे. परंतु बाजारातल्या बाईने शंभराची मर्यादा लक्षात ठेवली नव्हती. 'फोनवरून पैसे दिले की सरकार कापून घेते' एवढेच तिने लक्षात ठेवले होते आणि ती रोखीकडे वळली होती. दुसरी गोष्ट अशी की, प्रणालीची वर्गणी डॉलरमध्ये होती आणि तुकडी कुमासीत असतानाच सेडी कोसळत होता. त्या डिसेंबरात घानातील महागाईचा वार्षिक दर 54 टक्क्यांवर गेला आणि सरकारने बहुतेक परकीय कर्जांची फेड थांबविली. दुसऱ्या वर्षाची वर्गणी भरायची वेळ आली तेव्हा ती संस्थेच्या आवाक्याबाहेर गेली होती. प्रणाली बंद पडली. मोबाईलवरचा तो कर पुढे एक टक्क्यावर आला आणि 2025 च्या एप्रिलमध्ये रद्दही झाला. परंतु तोवर पाहुण्यांच्या अहवालावर धूळ बसली होती.

जे टिकले ते

एक गोष्ट मात्र टिकली. ती कशी टिकली हे सांगण्यासारखे आहे.

या मुलीचे वडील सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट होते. वीस-बावीस वर्षे सायकलवरून त्यांनी बाजारपेठ पालथी घातली. त्या पतसंस्थेत एक शिरस्ता होता. व्यवस्थापकाने आठवड्यातून एका सकाळी, कोणालाही न सांगता, कोणत्याही दहा ठेवीदारांच्या दुकानी जायचे, त्यांचे पासबुक मागायचे आणि कचेरीतल्या खातेवहीशी ताडून पाहायचे. दहाच पुस्तके, पण ती कोणाची हे एजंटाला आधी ठाऊक नसायचे. "अण्णांना त्या तपासणीचा राग कधीच आला नाही," असे ती मला सांगत होती. "ते म्हणायचे, माझ्यावर संशय घेऊ नये म्हणून साहेबांनी फिरलेलं बरं."

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी जेवताना तिने ही हकीकत संस्थेच्या वयस्क हिशेबनीस बाईंना सहज सांगितली. तो काही मुलाखतीचा भाग नव्हता. बाईंनी तीन-चार प्रश्न विचारले. खातेदार घरी नसेल तर काय करता? पुस्तक हरवले असेल तर? फरक निघाला तर आधी कोणाला सांगता? अहवालाच्या परिशिष्टात शेवटच्या परिच्छेदात या कल्पनेला चार ओळी मिळाल्या. वर्षभराने हिशेबनीस बाईंचे पत्र आले. त्यात प्रणाली बंद झाल्याचा उल्लेख होता आणि पुढे असे लिहिले होते की, दर शुक्रवारी दहा पुस्तके तपासण्याचे काम मात्र चालू आहे. बाजारातल्या बायांना ते पसंत आहे, कारण संस्थेची माणसे आपल्या दारी येऊन हिशेब दाखवितात असे त्यांना वाटते.

ही हकीकत तिने मला सांगितली तेव्हा माझ्या सत्काराच्या भाषणातले 'ज्ञानदान' मला आठवले आणि थोडी शरम वाटली. कंपनीने तिला ज्या कौशल्यासाठी निवडले होते, त्या कौशल्याचा कुमासीला टिकाऊ उपयोग झाला नाही. तिच्या बापाच्या सायकलवरील वीस वर्षांचा झाला. सल्लागार म्हणून ती जे घेऊन गेली ते बंद पडले आणि पिग्मी एजंटाची मुलगी म्हणून जे घेऊन गेली ते चालू राहिले. शिवाय चालू राहिले तेही त्या हिशेबनीस बाईंनी योग्य ते तीन-चार प्रश्न विचारले म्हणून.

फुकटच्या सल्ल्याची किंमत

यावर असे म्हटले जाईल की, काहीच न मिळण्यापेक्षा काहीतरी मिळाले, तेही फुकट मिळाले, मग तक्रार कशाची? अर्थशास्त्राच्या शिक्षकाला 'फुकट' हा शब्द ऐकला की सावध व्हावे लागते. सल्ला घेणाऱ्याने पैसे दिले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. त्याला खर्च पडला नाही, असा नव्हे. चार आठवडे त्या लहानशा संस्थेचे व्यवस्थापक आणि हिशेबनीस रोज पाहुण्यांसमोर बसून होते. वसुलीदारांच्या फेऱ्या चुकल्या. जुन्या वह्यांतील नोंदी प्रणालीत भरण्यासाठी दोन माणसे कित्येक आठवडे गुंतली आणि प्रणाली बंद पडल्यावर त्याच नोंदी पुन्हा वहीत आणाव्या लागल्या. हा संधी-खर्च कोणत्याही अहवालात दिसत नाही, कारण अहवाल लिहिणारा पाहुणा असतो आणि खर्च सोसणारा यजमान असतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. जो सल्ला आपण विकत घेतो त्याला नाकारण्याचा अधिकार आपल्यापाशी असतो. पैसे देणारा मनुष्य 'मला हे नको, ते हवे' असे बजावून सांगू शकतो. दान घेणाऱ्याला ही सोय नसते. दारी आलेल्या पाहुण्याला 'तुमचा उपाय आमच्या कामाचा नाही' असे सांगणे कोणत्याही सुसंस्कृत समाजात अवघड असते आणि अशांती समाज आपल्याइतकाच आतिथ्यशील आहे. संस्थेच्या व्यवस्थापकांना डॉलरच्या वर्गणीचे संकट दिसत नव्हते असे मुळीच नव्हे. ते सांगणे त्यांना प्रशस्त वाटले नाही, इतकेच. बाजारात किंमत जे काम करते, ते काम दानाच्या व्यवहारात दुसऱ्या कशावर तरी सोपवावे लागते. ते कशावर सोपवायचे, हा खरा प्रश्न आहे.

कंपन्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या योजनांत कर्मचाऱ्यांच्या नेतृत्वगुणांचा विकास आणि नव्या बाजारपेठांची ओळख हे आपले हेतू आहेत, हे त्यांनी फारसे लपविलेले नाही. एका बंद खोलीतल्या प्रशिक्षणवर्गापेक्षा परक्या शहरातील चार आठवडे माणसाला अधिक शिकवितात यात शंका नाही. माझी विद्यार्थिनी आज अधिक समंजस, अधिक ऐकून घेणारी झाली आहे, हे मी स्वतः पाहतो. आक्षेप शिकण्याला नाही. शिकण्याला दान म्हणण्याला आहे. या बाबतीत आपल्या देशाचा कायदा अधिक स्पष्ट आहे. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्चावे लागतात. परंतु कर्मचाऱ्यांनी विनामोबदला दिलेल्या सेवेची रुपयांत किंमत करून ती या दोन टक्क्यांत दाखविता येणार नाही, असा केंद्र सरकारचा खुलासा आहे आणि नियमांनुसार देशाबाहेर केलेले कामही सर्वसाधारणपणे यात धरले जात नाही. मनुष्य-तासांचा गुणाकार करून परोपकाराचा आकडा फुगविण्याचा मोह ज्या कोणा अधिकाऱ्याने ओळखला असेल, त्याला धन्यवाद द्यावेत असे वाटते.

मोठ्या सल्लागारांचे दाखले

येथे कोणी असा निष्कर्ष काढील की, दोष मुदतीचा आहे. महिन्याऐवजी वर्ष द्या, म्हणजे सारे सुरळीत होईल. इतिहास याला पुरती साक्ष देत नाही.

आर्थर ल्युइस यांचे उदाहरण घ्या. वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय अर्थशास्त्रज्ञाला 1979 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. घाना तेव्हा 'गोल्ड कोस्ट' होता, त्या काळी त्यांनी तेथील औद्योगिकीकरणावर अहवाल दिला. तो 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. कारखान्यांच्या घाईऐवजी आधी अन्नधान्याच्या शेतीची उत्पादकता वाढवा, असे त्यांचे सांगणे होते. 1957 मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर ते पंतप्रधान एन्क्रुमा यांचे आर्थिक सल्लागार म्हणून रीतसर राहावयास गेले. परंतु प्रतिष्ठेच्या प्रकल्पांवरील खर्चावरून मतभेद झाले आणि 1958 च्या अखेरीस ते परतले. त्यांना देशाची जाण होती, आफ्रिकेविषयी आस्था होती, मुक्कामही वर्षाहून अधिक होता. तरी सल्ला रुजला नाही, कारण यजमानाला तो प्रश्नच पडलेला नव्हता.

केंब्रिजचे निकोलस कॅल्डॉर यांची कथा आपल्या अधिक जवळची. 1956 च्या आरंभी ते काही आठवड्यांसाठी भारतात आले आणि करपद्धतीच्या सुधारणेवर त्यांनी एक अहवाल दिला. संपत्तीकर, व्ययकर, देणगीकर, भांडवली नफ्यावरील कर अशी परस्परांत गुंफलेली ती योजना होती. तिच्या जोडीला प्राप्तिकराचा सर्वोच्च दर 45 टक्क्यांवर आणावा, असेही त्यांनी सुचविले होते. आपण नवे कर घेतले आणि दर उतरविण्याची शिफारस दूर ठेवली. सल्लागार केंब्रिजला परतलेला होता. व्ययकर 1957 मध्ये कायद्यात आला, 1962 मध्ये थांबला, 1964 मध्ये पुन्हा आला आणि 1966 मध्ये गेला. देणगीकर 1998 मध्ये संपला आणि संपत्तीकर 2015 च्या अंदाजपत्रकाने मोडीत काढला. हेच कॅल्डॉर 1961 मध्ये घानाचेही सल्लागार होते. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात सक्तीच्या बचतीची तरतूद झाली आणि सप्टेंबरात सेकोंडी-ताकोराडी येथील रेल्वे व बंदर कामगारांनी मोठा संप पुकारला. कागदावर निर्दोष असलेली योजना ज्याच्या पगारातून कापली जाणार, त्याला कोणी विचारले नव्हते.

याच्या उलट दाखला नॉर्मन बोरलॉग यांचा आहे. तेही 1963 च्या मार्चमध्ये गव्हाचे प्रदेश पाहण्यासाठी अल्पकाळच भारतात आले होते. त्या शरद ऋतूत मेक्सिकोहून चार बुटक्या वाणांचे प्रत्येकी शंभर किलो बियाणे आले. 1964-65 साली देशात गव्हाचे उत्पादन सुमारे 1 कोटी 23 लाख टन होते, ते 1967-68 साली सुमारे 1 कोटी 65 लाख टनांवर गेले. ही भेट का फळली? कारण प्रश्न यजमानाचा होता. डॉ. स्वामिनाथन आणि त्यांचे सहकारी जाड खतमात्रेने न लोळणाऱ्या बुटक्या गव्हाच्या शोधात आधीपासून होते आणि बोरलॉगना बोलवावे ही मागणी त्यांच्याकडूनच गेली होती. आलेले बियाणे पारखून घेणारी, नको ते टाकून देणारी, लाल दाण्याचा गहू आपल्या लोकांना रुचत नाही म्हणून पिवळसर दाणा निवडणारी संशोधनसंस्था येथे उभी होती. शिवाय पाहुणा पुन्हा पुन्हा येत राहिला.

कुमासीतही असा दाखला आहे. तेथील विद्यापीठाने 1972 मध्ये तंत्रज्ञान-सल्ला केंद्र काढले आणि 1980 मध्ये त्या केंद्राने शहरातील सुआमे या मोटारदुरुस्तीच्या व लोहारकामाच्या प्रचंड वसाहतीत आपले कार्यशाळा-केंद्र थाटले. तेथे परदेशी अभियंतेही होते. परंतु केंद्र विद्यापीठाचे होते आणि कारागिराने सकाळी दार ठोठावले तर आत कोणीतरी असे. कुमासीला सल्लागार ठाऊक नव्हते असे नाही. दार ठोठावल्यावर सापडणारा सल्लागार कोण आणि छायाचित्र काढून जाणारा कोण, हे ते शहर आपल्यापेक्षा बरे ओळखते.

तेव्हा मुद्दा मुक्कामाच्या लांबीचा नाही. प्रश्न कोणी विचारला, उत्तर नाकारण्याचा अधिकार कोणाला होता आणि पाहुणा गेल्यावर जबाबदारी कोणाची, या तीन गोष्टींवर सारे अवलंबून आहे.

आपल्या पायाखाली

हे लिहीत असताना आपल्याच अंगणाकडे न पाहणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. राष्ट्रीय सेवा योजना 1969 मध्ये सुरू झाली. दरवर्षी सात दिवसांचे निवासी शिबिर घेऊन आम्ही प्राध्यापक मंडळी विद्यार्थ्यांसह एखाद्या खेड्यात जातो. काही वर्षांपूर्वी आमच्या शिबिरात मुलांनी एका गावी मोठ्या उत्साहाने शोषखड्डे खणले. मी तेव्हा कार्यक्रम अधिकारी होतो. अहवाल झाला, छायाचित्रे जोडली, विद्यापीठाकडे गेला. दोन वर्षांनी लग्नाच्या निमित्ताने मी त्या गावी गेलो तेव्हा बहुतेक खड्डे बुजलेले होते. ज्यांच्या घरी जेवावयास बसलो होतो त्या मावशींना मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "पोरांनी खणलं ते बरंच केलं. पण आमची अडचण पाण्याच्या येण्याची होती, जाण्याची नव्हती. तुम्ही विचारलंच नाही, मग आम्ही तरी कशाला सांगावं? पोरं हौसेनं आली होती."

कुमासीच्या व्यवस्थापकाने जे बोलून दाखविले नाही, ते या मावशींनी बोलून दाखविले. सात दिवस असोत की चार आठवडे, आणि खेडे पन्नास किलोमीटरवर असो की समुद्रापार, रोग एकच आहे. देणाऱ्याच्या हौसेला घेणाऱ्याची गरज समजण्याचा हा रोग आहे.

करावयाचे काय

अशा योजना बंद कराव्यात असे मी म्हणत नाही. देशोदेशींच्या तरुण माणसांनी एकमेकांच्या बाजारात चार आठवडे बसावे, हे चांगलेच आहे. परंतु काही अटी घालता येतील आणि त्या फार खर्चिकही नाहीत.

पहिली अट अशी की, प्रश्न यजमान संस्थेने तिच्या भाषेत लिहावा आणि मधल्या आठवड्यात काम थांबविण्याचा किंवा वळविण्याचा लेखी अधिकार तिला असावा. किमतीचे काम येथे नकाराने करावयाचे आहे. दुसरी अट ही की, ज्याच्या देखभालीला परकीय चलन लागते असे काहीही मागे ठेवू नये, किंवा ठेवायचेच असेल तर निदान पाच वर्षांचा खर्च देणाऱ्याने आधीच भरावा. तिसरी अट अशी की, वर्षभराने तुकडीतील एकाने तरी आठवड्यासाठी पुन्हा जावे आणि काय चालू आहे, काय बंद पडले हे यजमानाच्या सहीने प्रसिद्ध करावे. बारा माणसांना एक महिना पाठविणाऱ्या कंपनीला एका माणसाचा एक आठवडा जड नाही. त्यात नाव कमी होण्याची भीती असेल, पण पुढच्या तुकडीला खरे शिक्षण त्या एका पानातूनच मिळेल.

चौथी सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. ही वाट दुतर्फा करावी. भारत सरकारचा तांत्रिक सहकार्याचा कार्यक्रम 1964 पासून विकसनशील देशांतील अधिकाऱ्यांना प्रशिक्षणासाठी येथे आणीत आहे आणि पुण्यात वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था उभी आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या कंपनीने त्या हिशेबनीस बाईंना महिनाभर सांगली-कोल्हापूरच्या पतसंस्थांत बसविले असते, तर त्यांनी आपल्याला हवे ते निवडून नेले असते आणि नको ते येथेच ठेवले असते. आमच्या पतसंस्थाही त्यांच्याकडून काही शिकल्या असत्या. ठेवीदाराचा विश्वास तडकल्यावर बाजारातल्या बायांना पुन्हा बचतीकडे कसे आणावे, हा प्रश्न आमच्याही अनेक गावांपुढे आहे आणि त्याचे उत्तर कदाचित कुमासीतच सापडेल.

आमच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थी पुढील काही वर्षांत अशाच कामगिरीवर जाण्याची स्वप्ने पाहतात. परवा ते सल्ला विचारावयास आले होते. मी त्यांना जा म्हणालो. मात्र जाण्यापूर्वी एक रविवार पिग्मी एजंटाबरोबर बाजारात फिरा आणि आल्यावर वर्षभर तेथील पत्राची वाट पाहा, असे सांगितले. ते पत्र येईपर्यंत आम्ही सत्कार करणार नाही. आणि पत्र आल्यावर श्रीफळ कोणाला द्यावयाचे, ते पत्र वाचूनच ठरवू.